उसव!

कात्रीमावशीच्या जिभेला हाड नाही, हे गल्लीतल्या बोबड्या पोरांनाही ठाऊक होतं. पण तिच्या रागाची एक रीत होती, ती जवळच्यांनाच माहीत. मावशीचा राग इस्त्रीसारखा. तापला की चार हात लांब राहावं. बटण बंद झालं की एक कप चहा संपेपर्यंत गार. मग ज्याला झापलं त्यालाच ती म्हणायची, "उभा काय राहिलास खांबासारखा? बस की." तो बसायचा. संपलं. बोललेलं हवेत गेलं, आणि हवेत गेलेलं कुणी परत गोळा करत नाही, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत होती.

रस्त्याला लागून पुढची खोली, ते तिचं दुकान. मध्ये फुलाफुलांचा पडदा. पडद्यामागे स्वयंपाकघर आणि वर जाणारा लाकडी जिना. वर मुलगा आणि सून. मावशीचा धंदा नवं शिवण्याचा नव्हेच, कपडे बसते करण्याचा. बापाची पॅन्ट लेकाला, लग्नाआधीचा झगा लग्नानंतरच्या कमरेला. नवरा गेल्यापासून सगळं घर याच मशीनवर चाललं होतं. टेबलावर काळ्या मुठीची मोठी कात्री. जिच्याकडे ती शिवण शिकली त्या बाईची ती आठवण. कात्रीचा कायदा एकच: कापडाशिवाय काही कापायचं नाही. कागदाला लागली की धार मरते. "या कात्रीनं कुणी कागद कापला, तर मी त्याचे कान कापीन, मग कानानं धार गेली तरी चालेल," असं ती सुनेला पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

आणि तिचा एक शब्द होता: उसव. वाकडी टीप दिसली, की "उसव!" कुणी अर्धवट थाप मारली, की "उसव! पहिल्यापासून सांग." गल्लीतला नळवाला, वीज मोजणारा, उशिरा येणारा दूधवाला, सगळे या शब्दाला टरकून असायचे.

माशी शिंकली ती एका पोट सुटलेल्या गिऱ्हाइकापायी.

"मावशी, पॅन्ट धुण्यात आटली हो," गिऱ्हाईक म्हणालं.

"पॅन्ट आटली? पट्टापण आटला? बुटाच्या नाड्या आटल्या? अरे, कापडाला कशाला बदनाम करतोस, ते बिचारं होतं तिथंच आहे. पुढं आलायस तो तू! आणि ही टीप कुणी मारली? झोपेत, की झोपाळ्यावर? उसव! सगळी उसव!"

सून पडद्याआडून हसत होती आणि तिच्या हातात मोबाईल होता. सून तशी गोड. आवाज मधासारखा, आणि मधासारखाच सगळीकडे चिकटणारा. तिनं ते चित्रण टाकलं. आठवडाभरात ते इतक्या लोकांनी पाहिलं, की तेवढी माणसं गल्लीत आली असती तर गल्लीच फाटली असती. लोक कपांवर "उसव!" छापू लागले. मुलाला काय, आभाळ ठेंगणं. त्यानं मोबाईलच्या दुकानातली नोकरी सोडली, एक गोल दिवा आणला, मोबाईल उभा करायला एक तिकाटणं आणलं आणि आईची जीभ हाच घरचा धंदा झाला.

पहिले काही दिवस मावशी सुखावली, हे कशाला नाकारा? तिनं चष्म्याला नवी फ्रेम घेतली. पण मग माणसं कपड्यांशिवायच येऊ लागली.

"काय शिवायचंय?"

"काही नाही मावशी. जरा शिव्या द्या ना. बायको शूट करतेय."

ती खरंच चिडायची. ती खरंच चिडली की ते आणखी खूश. शिवीला कुणी टाळी दिली, तर शिवी देणाऱ्यानं करायचं काय? गल्लीच्या कोपऱ्यावरचा नळ गळायला लागला तेव्हा हे पुरतं उघडं पडलं. पूर्वी मावशी दारात येऊन एकदा कडाडली, की नळवाला सबंध गल्लीचे नळ तपासून जायचा. आता त्यानं पाना खाली ठेवला आणि मोबाईल वर केला. "मावशी, तेच परत एकदा, फक्त माझ्या मेव्हण्याचं नाव घेऊन." मग हसत हसत निघून गेला. नळ गळतच राहिला. मावशी दारात उभी राहून त्या थेंबांकडे बघत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या शब्दाला वजन उरलं नव्हतं.

घरातही काहीतरी बिघडत चाललं होतं. बॉबिनचा दोरा रोज गुंतलेला. खडू पाण्यात पडलेला. चहात साखरेऐवजी मीठ. मावशीला वाटलं, सून वेंधळी झालीय, मुलगा बेफिकीर झालाय. ती ओरडायची. ओरडताना पडद्याची कड किंचित हलायची, तिकडं तिचं लक्ष नसायचं. रागावलेल्या माणसाचं लक्ष समोर असतं, आणि हल्ली डाव असतो तो बाजूला.

आता धाकटीचं सांगायला हवं.

मावशीला एकच सख्खी बहीण. दोन चौक पलीकडे तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची आणि इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करायची. मावशीशी बरोबरीनं भांडणारं माणूस जगात तेवढंच एक. आई लवकर गेली, तेव्हा मावशीनंच धाकटीच्या वेण्या घातल्या, आणि तेव्हापासून दोघी भांडत आल्या. कडकडून भांडायच्या, जुनी मढी उकरायच्या, धाकटी दार आपटून जायची. मग काही दिवसांनी एखादा कपडा घेऊन यायची, टेबलावर फेकायची आणि भिंतीकडे बघत म्हणायची, "कमरेत घ्यायचंय." बहुतेक वेळा कमरेत घेण्यासारखं काही नसायचंच. मावशी तो कपडा घ्यायची, शिवण उसवायची आणि होती तश्शीच पुन्हा घालून द्यायची. चुकलं, माफ कर, असले शब्द दोघींच्या तोंडून कधी निघाले नाहीत. त्यांची गरजच नव्हती.

धाकटीला धुलाईखान्याची मुकादम करणार होते. मोठ्या साहेबांसमोर उभं राहायचं, म्हणून तिनं आपला निळा कोट मावशीकडे टाकला होता. मावशीनं अस्तर बदललं, काजं नवी केली, खुंटीला लावला. त्या दिवशी सकाळी धाकटी कोट घ्यायला आली, हात घातला, आणि उजव्या बाहीतून कोपर बाहेर आलं. बाही आडवी कापलेली.

"हे काय केलंस ताई?"

"मी? माझ्या हातून असलं काम?"

"मग कोट स्वतः कापून घेतो का? आजच्या दिवशीच? तुला सहनच होत नाही कुणाचं बरं झालेलं!"

"माझ्या दुकानात उभी राहून मला बोलतेस? तुझं बरं व्हायला तू कधी काही सांभाळलंयस? नवरा सांभाळता आला नाही, कोट काय सांभाळणार!"

"माझा पळून गेला. तुझा तर मरूनच सुटला!"

दार आपटलं. धाकटी विटक्या सदऱ्यावरच साहेबांसमोर गेली. मावशी कोट हातात घेऊन बसली. आपल्या हातून झालं असेल का? डोळे गेले का आपले? तिनं दिवसभर कुणाचं काही शिवलं नाही.

काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही म्हणतात. त्या भरवशावर मावशी थांबली. येईल, काहीतरी फेकेल टेबलावर. आठवडा गेला, महिना गेला. धाकटी येईना. मावशी टेबलाची एक बाजू मोकळी ठेवायची. दारात सावली पडली की मान वर, आणि मग पुन्हा खाली. गल्लीला कारण माहीत होतं. गल्लीतल्या सगळ्यांनी ते पाहिलंच होतं. फक्त मावशीलाच कुणी सांगितलं नव्हतं, कारण मावशी स्वतःचे व्हिडिओ कधीच बघायची नाही. "माझं तोंड मी आरशात बघते, तेवढं पुरे," म्हणायची.

एके दिवशी एक कॉलेजातली मुलगी आली. हसऱ्या चेहऱ्याची, मनानं वाईट नव्हती.

"मावशी, मैत्रिणीचा वाढदिवस आहे. तिचं लग्न मोडलंय नुकतंच. तुमचं ते म्हणा ना तिच्यासाठी, 'नवरा सांभाळता आला नाही, कोट काय सांभाळणार!' आम्ही सगळ्या मरतो त्याच्यावर."

मशीनवरचा मावशीचा पाय थांबला.

"हे तू कुठं ऐकलंस?"

मुलीनं दाखवलं. त्या टीचभर चौकोनात मावशीला आपली बहीण दिसली. बाहीतून कोपर बाहेर आलेली, तोंड वाकडं झालेली. खाली लोकांनी हसून हसून रडणारे चेहरे टाकले होते. वर नाव दिलं होतं, "कात्रीमावशीनं सख्ख्या बहिणीला उसवलं!"

"आणि याचा पुढचा भाग तर भारीच," मुलगी म्हणाली. "पडद्यामागची गंमत."

पुढच्या भागात खुंटीवरचा निळा कोट होता. सून कॅमेऱ्याकडे बघून डोळा मिचकावत होती. मागून मुलाचा आवाज: "हळू, आई उठेल." आणि सुनेच्या हातात काळ्या मुठीची कात्री. कच्. शेवटी तिनं गंमत म्हणून त्याच कात्रीनं एक पुठ्ठा कापला आणि ओठांवर बोट ठेवलं.

म्हणजे सगळ्या जगाला माहीत होतं. मीठही, गुंतलेला दोराही. हसत होते ते तिच्या रागाला नव्हे, तिला. खेळण्याला चावी द्यावी, तशी हे लोक तिला रोज सकाळी चावी देत होते.

ती पडदा ओढून आत गेली. भर दुपारी दोघं जेवत होती.

"बहिणीचा कोट कुणी कापला?"

सुनेचा घास हातातच राहिला. मुलगा म्हणाला, "आई, ऐक तर. ते नुसतं कंटेंट आहे गं. लोकांना तुम्ही दोघी आवडलात. धाकट्या मावशीला म्हटलं तर वाटा पण देऊ."

"माझ्या बहिणीचं दुःख चव्हाट्यावर टांगलंस आणि तिला वाटा देतोस? खाटकानंही बकरीला वाटा विचारला नसेल रे! काढ ते. आत्ताच्या आत्ता."

"काढलं तरी जात नाही आई. लोकांनी उतरवून घेतलंय, पुढं पाठवलंय. कुठं कुठं गेलंय, आता मलाही माहीत नाही."

"उसव म्हणते ना!"

"नाही उसवत."

मावशीच्या आयुष्यात असा टाका आला नव्हता. वाकडा, चुकलेला, दुहेरी, गाठ मारलेला, सगळे तिनं उसवले होते. तिनं तोंड उघडलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. जे येणार होतं त्यानं घराचं छप्पर उडालं असतं. आणि तेवढ्यात तिला दिसलं, सुनेचा डावा हात ताटाशेजारून मोबाईलकडे सरकतोय. मुद्दाम नव्हे. सवयीनं. डास बसला की हात जातो तसा.

मावशीनं तोंड मिटलं.

त्या दिवसापासून घरात ती बोललीच नाही म्हटलं तरी चालेल. दोन शब्द ठेवले तिनं: "असू दे." सुनेनं तिला चिडवायला गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर चहा सांडला. मावशीनं सदरा उचलला, पाण्यात टाकला. "असू दे." मुलानं मशीनचा पट्टा काढून ठेवला. तिनं तो शोधून परत चढवला. "असू दे." गोल दिवा जळत राहिला आणि त्याच्या उजेडात एक बाई मुकाट्यानं तुरपाई करताना दिसत राहिली. बघणारे भराभर गळाले.

"आई, अशी गप्प बसलीस तर कोण बघणार?" मुलगा शेवटी रडकुंडीला आला. "चिडलीयस ना? मग बोल ना काहीतरी!"

मावशीनं सुईत दोरा ओवला. इतका राग तिला जन्मात आला नव्हता, आणि तो सगळा तिनं दातांखाली धरून ठेवला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. "उसव" म्हणणारी आई यांनी विकली होती. "असू दे" म्हणणारीला गिऱ्हाईक नव्हतं. सुनेला तर त्या दोन शब्दांची भीतीच वाटायला लागली. ती रात्री नवऱ्याला म्हणाली म्हणे, "त्यांना एकदा तरी ओरडायला सांगा हो." भिंती पातळ असतात, गल्लीला ऐकू जातं.

त्या मुक्या दिवसांत मावशीनं कोटाची बाही जोडली. कात्रीला धार लावून आणली. निळ्या रंगाचं तसंच कापड मिळेना, म्हणून कोटाच्याच आतल्या दुमडीतून एक पट्टी काढली आणि ती बाहीत बसवली. जोड दिसत होता. लपवण्याचा तिनं प्रयत्नही केला नाही. मग कोट पिशवीत घातला, कात्री घातली. ती घरी ठेवायची आता तिची छाती नव्हती. आणि दोन चौक चालत, तीन जिने चढून धाकटीच्या दारात उभी राहिली.

दार साखळीपुरतंच उघडलं.

"कोण आहे बरोबर?" आतून धाकटी.

"कोण असणार? मी आहे."

"मोबाईल कुठं ठेवलायस?"

"मी कधी वापरला गं?"

"पिशवी आत दे."

मावशीनं पिशवी फटीतून आत सरकवली.

"चष्मा."

"चष्मा कशाला?"

"हल्ली चष्म्यातपण असतो म्हणे. दे."

मावशीनं नवी फ्रेम काढून फटीतून दिली. आता समोर नुसता एक पुसट चट्टा उरला, तो बहिणीचा चेहरा.

"किती दिले पोरानं तुला, मला रडवायचे?" चट्टा म्हणाला. "धुलाईखान्यात घड्या घालताना कोरसमध्ये म्हणतात ते. मुकादम केलं मला, पण मी आत आले की सगळे, 'कोट काय सांभाळणार!' मी काय सांगू त्यांना, गप्प बसा? मी ओरडले की मोबाईल काढतात. तुझीच बहीण म्हणतात."

"मला माहीत नव्हतं. कोट मी नाही कापला."

"ते बघितलं मी. तो तुझ्या सुनेनं कापला." साखळी थोडी खणखणली. "पण बोललीस ते? ते कुणी बोलायला लावलं?"

मावशी भिंतीला हात लावून उभी राहिली. सोपं होतं. लावलं त्यांनी, चावी दिली त्यांनी, मी तरी काय करणार, असं म्हणता आलं असतं.

"ते कुणी नाही लावलं," ती म्हणाली. "ते माझंच."

दार बंद झालं. साखळीसुद्धा न काढता, धाडकन. मावशी चष्म्याशिवाय जिना उतरू शकत नव्हती, म्हणून उभीच राहिली. आत कपाट उघडल्याचा आवाज आला. काही तरी पडलं. मग फट पुन्हा उघडली. आधी चष्मा बाहेर आला. मग कात्री, मुठीकडून. मग एक राखाडी झगा, फेकलेला, तो मावशीच्या तोंडावरच आला.

"तू सोडून दुसरं कुणी शिवतच नाही का गावात? मी शिवून घेतला," धाकटी म्हणाली.

मावशीनं चष्मा लावला. झगा उजेडाकडे धरला. आणि इतके दिवस दातांखाली धरलेलं सगळं एकदम सुटलं.

"हे कुणी केलंय? कुणी केलंय हे? ही टीप आहे की मुंग्यांची मिरवणूक? काखेत चुण्या, खांदा एक वर एक खाली, आतून शिवण मारलीच नाही, दोरे लोंबतायत! आणि तू हे अंगावर घातलंस? चार माणसांत घातलंस? मुकादम आहेस ना तू? लाज नाही वाटली त्या शिंप्याला, सुई हातात धरताना? उसव! सगळं उसव!"

तिच्या आवाजानं जिना दणाणला. वरच्या मजल्यावरचं दार उघडलं, बनियनमधला एक गृहस्थ कठड्यावरून वाकला, आणि त्याचे डोळे चमकले. "अरे, या तर त्या…" त्याचा हात खिशाकडे गेला.

खाली साखळी निघाली. धाकटी बाहेर आली ती थेट कठड्याशी.

"तो खिशात ठेव! ठेव म्हणते! तुझ्या घरात काय शिजतं ते आम्ही बघायला येतो का रे, बनियन? काल बायकोनं तुला जिन्यात उभं केलं होतं ते दाखवू का सगळ्यांना?"

"आणि ते बनियन उलटं घातलंयस, ते आधी सुलटं कर!" मावशीनं खालून जोड दिली.

दार बंद झालं. वरचं. खालचं उघडंच होतं.

दोघी श्वास टाकत उभ्या राहिल्या. मग धाकटीनं आत जाऊन पिशवीतला कोट आणला आणि अंगात घातला. जोडलेली बाही तिनं एकदा वळवून पाहिली.

"मी अजून बोलत नाहीये तुझ्याशी," ती म्हणाली.

"मी तरी कुठं तुझ्याशी बोलतेय? मी या टिपेशी बोलतेय."

मावशी उंबऱ्यावरच बसली, झगा मांडीवर घेतला, कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. धाकटी भिंतीकडे बघत होती.

"कमरेत घ्यायचाय," ती म्हणाली.